जुने अभिजात चित्रपट पाहताना लक्ष उडतं. आधी चित्रकला शिकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अभिजात म्हणवल्या जाणाऱ्या चित्रपटांची यादी घेऊन बसलात, त्यातले वीस-पंचवीस पाहून झाले. फ्रेम्स देखण्या आहेत हे पटतं, पण पाव तासात लक्ष उडतं आणि हात मोबाइलकडे जातो. 'एकेक फ्रेम म्हणजे पेंटिंग' असं जाणकार म्हणतात, तेव्हा नेमकं काय पाहायचं ते उमगत नाही. म्हणून आधी चित्रकलेचा इतिहास वाचून काढावा का, असं विचारलंत.

इतिहास जरूर वाचा, पण तुमचं दुखणं तिथे नाही. तुमच्या वर्णनावरून दिसतं ते असं की गोष्ट तुम्ही संवादांमधून घेताय आणि चित्र नुसतं शोभेला उरलंय. गोष्ट संथ झाली की शोभा किती वेळ बघणार? त्यात पेंटिंगशी केलेली तुलना घोळ वाढवते. चित्रासमोर आपण हवा तितका वेळ उभे राहतो, नजर कुठूनही कुठेही नेतो. चित्रपटात ती फ्रेम किती सेकंद दिसणार हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि तेवढ्या वेळात तिच्यात काही ना काही सरकत असतं. त्यातलं स्थिर सौंदर्य टिपायला गेलात तर कंटाळा येणारच. पाहायचा तो बदल: कोण पुढे आलं, कोण झाकलं गेलं, उजेड कुणावरून सरकला, कुठला कोपरा रिकामा झाला. पुढे जे लिहिलंय ते सगळं हा बदल दिसायला लागावा एवढ्यासाठीच.

आता अटी. किती फरक पडेल ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे: चित्रपटाची भाषा तुम्हाला येते का, पडदा कसा आहे आणि प्रत कशी आहे. भाषेचा विचार कुणी करत नाही म्हणून ती आधी घेतो. सबटायटल्स खालच्या काठावर असतात. बडबड्या चित्रपटात नजर दर दोन-तीन सेकंदांनी खाली उतरते, वाचून वर येते, तोवर शॉट बदललेला असतो. अशा वेळी रचना दिसत नाही यात तुमची काही चूक नाही. सुरुवातीला मूकपट घ्या, किंवा कळणाऱ्या भाषेतले, किंवा कमी संवादांचे. परक्या भाषेतला संवादबहुल चित्रपट पाहायचाच असेल तर एकदा सबटायटल्स लावून पूर्ण पाहा आणि निवडलेला एखादा प्रसंग दुसऱ्या दिवशी सबटायटल्स बंद करून. कोण काय बोलतंय ते आता ठाऊक असतं, त्यामुळे डोळे मोकळे राहतात.

पडद्याचं म्हणाल तर मोबाइलवर हे जमत नाही. टीव्ही असेल तर त्याचं सेटिंग एकदा नीट लावून घ्या, कारण दुकानात उठून दिसावं म्हणून केलेलं सेटिंग जुन्या चित्रपटांचा जीव घेतं. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो, नाहीतर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सोनीत ती 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगच्या बऱ्याच संचांत 'ऑटो मोशन प्लस' या नावाने सापडते. ती चालू असली की टीव्ही दोन फ्रेम्सच्या मधे स्वतः बनवलेल्या फ्रेम्स घुसवतो आणि सेकंदाला २४ फ्रेम्सचा चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. 'नॉइज रिडक्शन'ही बंद. फिल्मचा दाणा त्याला कचरा वाटतो, तो पुसताना चेहऱ्यांचा पोत जातो आणि माणसं मेणाची दिसतात. शार्पनेस खाली आणत न्या. काही संचांत शून्य तटस्थ असतो, काहींत मधला आकडा. गडद कडेभोवतीची कृत्रिम पांढरी किनार दिसेनाशी झाली की थांबा. रंगांचं तापमान 'वॉर्म' ठेवा. पहिले दोन दिवस पडदा पिवळट वाटेल, मग सवय होते.

अंतराकडेही लक्ष द्या. चित्राने नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापला पाहिजे. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर, म्हणजे सव्वादोन मीटरवर बसलात की झालं. पण १९५३ साली सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचं तंत्र येईपर्यंतचे बहुतेक बोलपट १.३७ : १ (रुंदी : उंची) या जवळजवळ चौकोनी प्रमाणात आहेत. त्याच टीव्हीवर त्यांचं चित्र दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांमधे फक्त ९४ सेंटीमीटर रुंद दिसतं. तोच कोन मिळवायचा तर पावणेदोन मीटरवर या. जुने चित्रपट लांबलांब वाटतात याचं एक कारण इतकं साधं आहे: आपण खुर्ची पुढे ओढत नाही.

काळ्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणून पडदा भरणं हा तर गुन्हाच. चेहरे रुंद होतात, दिग्दर्शकाने तोललेली रचना मोडते. तपासायला सोपं आहे: फ्रेममध्ये घड्याळ, चाक, ताटली असं काहीतरी गोल शोधा. ते लंबगोल दिसलं की प्रत किंवा सेटिंग चुकलंय. याच्या उलट, चारी बाजू भरलेलं चौकोनी जुनं चित्र वरून-खालून कापलेलं असू शकतं. कपाळं आणि हनुवट्या सारख्या कापल्या जात असतील तर संशय घ्या.

प्रतीमुळे अर्थ कसा बदलतो याचं माझं आवडतं उदाहरण 'नोस्फेरातू' (१९२२) हा मूकपट. त्यातली रात्रीची दृश्यं दिवसा चित्रित केलेली आहेत आणि प्रेक्षकांना रात्र कळावी म्हणून ती फिल्म निळी रंगवली जायची. हा रंग गळालेल्या फुकट प्रती सगळीकडे सापडतात. त्यात सूर्यप्रकाशाने मरणारा पिशाच्च उमराव भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून गावातून फिरतो. प्रेक्षक हसतो आणि जुन्या लोकांना अक्कल नव्हती असं समजतो. मूकपटांचा वेगही तपासा. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, वेग साधारण १६ ते २४ फ्रेम्सच्या मधे काहीही असे. सरसकट २४ ने चालवलेल्या प्रतीत माणसं तुरुतुरु पळतात. रंगीत चित्रपटांत १९५० नंतरच्या ईस्टमनकलर प्रिंट्स कालांतराने विटून गुलाबी पडतात. तेव्हा दिग्दर्शकाच्या रंगदृष्टीवर निबंध लिहिण्याआधी प्रत जीर्णोद्धार केलेली आहे का ते बघा.

इतकं जमलं की मग पाहणं. एक शॉट जवळून घेऊ, म्हणजे 'बदल पाहा' म्हणजे काय ते कळेल. 'सिटिझन केन' (१९४१), छायालेखक ग्रेग टोलंड. खाणावळीतला प्रसंग. बाहेर बर्फात लहानगा चार्ल्स खेळतोय. कॅमेरा मागे सरकतो आणि कळतं की आपण खिडकीतून बघत होतो. आई खिडकीशी आहे. ती वळून आत येते, कॅमेरा तिच्यापुढे मागे मागे सरकत टेबलाच्या अलीकडे येऊन थांबतो. आता फ्रेमच्या पुढच्या भागात उजवीकडे आई आणि बँकवाला थॅचर मुलाला थॅचरच्या हाती सोपवण्याची कागदपत्रं घेऊन बसलेत, डावीकडे थोडा मागे बाप उभा आहे, आणि पार मागे खिडकीच्या चौकोनात तो मुलगा, बोटाएवढा. चौघेही सारखेच स्पष्ट. मुलाचं आयुष्य टेबलावर ठरतंय आणि तो बाहेर लढाई-लढाई खेळतोय. त्याचं ओरडणं आत ऐकू येतं.

ही फ्रेम थांबवून 'वा, काय रचना!' म्हणता येतं, आणि बहुतेक लेख तिथेच थांबतात. मजा पुढे आहे. पैशांची रक्कम कानावर पडल्यावर बापाचा विरोध मावळतो, तो मागे जाऊन खिडकी बंद करतो. मुलाचा आवाज तुटतो. सह्या झाल्यावर आई उठते, खिडकीशी जाते आणि ती उघडते. आवाज पुन्हा आत येतो. तिच्या चेहऱ्यावर रडणं-भेकणं काही नाही. कोण खिडकी लावतं आणि कोण उघडतं, एवढ्यावर आई-बापांतला फरक सांगून झाला. हे कुठल्याही एका फ्रेममध्ये नाही. मिनिटाभराने घडलेल्या दोन हालचालींमधे आहे, आणि शॉट कापला नाही म्हणून मुलगा सतत नजरेसमोर राहतो, हे त्याचं बळ.

खास नजर असेल तर टेबलावरची टोपीही बघा. कॅमेरा मागे येताना टेबल वाटेत होतं. तो पुढून गेल्यावर ते पटकन जागेवर सरकवलं गेलं आणि टोपी किंचित हलते. असल्या खुणा मला शंभर विश्लेषणांपेक्षा जास्त शिकवतात, कारण देखण्या सरळपणामागे किती माणसांची कसरत होती ते त्यातून कळतं.

असं पाहायला हात लावावा लागतो, म्हणून कागद-पेन्सिल घ्या. पूर्ण चित्रपट पहिल्यांदा अजिबात न थांबवता पाहा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या दिवशी त्यातला तीन ते पाच मिनिटांचा एक प्रसंग निवडा. साधारण १५ ते २५ शॉट्स असलेला बरा. मारामारी, पाठलाग नको, त्यात कट मोजतानाच दम निघतो. आधी आवाज बंद करून पाहा आणि प्रत्येक कटला एक रेघ ओढा. मग चौकोन आखा, सगळ्यांची रुंदी ८ सेंटीमीटर. चित्रपट १.३७ चा असेल तर उंची ५.८ ठेवा, १.६६ चा असेल तर ४.८, १.८५ ला ४.३ आणि २.३५ च्या रुंद पडद्याला ३.४. हा खटाटोप यासाठी की चुकीच्या आकाराच्या चौकोनात रचना आपोआप चुकीची उतरते. सिनेमास्कोपमध्ये माणूस एका कडेला उभा असला की उरलेली जागा किती प्रचंड असते हे ३.४ सेंटीमीटरच्या पट्टीत लगेच जाणवतं.

प्रत्येक शॉटला दोन चौकोन: एक शॉट सुरू होतानाचा, एक संपतानाचा, मधे बाण. इथेच बहुतेक जण चुकतात. ते शॉटमधला सर्वांत सुंदर क्षण थांबवून तोच काढतात, म्हणजे पुन्हा स्थिर चित्राकडेच परत. शॉट फार लांब असेल तर माणसांनी जागा बदलली की नवा चौकोन. चेहरे काढू नका, अंड्यासारखा लंबगोल पुरे. छटा तीनच: कागदाचा पांढरा, फिकट पेन्सिल, दाबून गडद. छटा ठरत नसतील तर डोळे बारीक करून पडद्याकडे बघा. तपशील विरघळतो आणि उजेड-अंधाराचे मोठे पट्टे उरतात. एका चौकोनाला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त देऊ नका. चित्र छान यायला लागलं की समजा तुम्ही पाहणं सोडून रेखाटनात रमलात.

शेवटी तोच प्रसंग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. फ्रेममध्ये नसलेल्या कुठल्या गोष्टींचे आवाज येतात ते टिपा. केनच्या खिडकीसारख्या जागा बहुतेक वेळा अशा पाठमोऱ्या ऐकण्यातच सापडतात.

एका प्रसंगाला तास-दीड तास जातो. महिन्यातून दोन केले तरी पुरे. रोज नवा चित्रपट संपवणाऱ्यापेक्षा तुम्ही हळू जाल, पण मोबाइलची आठवण कमी होईल, हे मी इतरांच्या बाबतीतही पाहिलंय.

आता चित्रकला. तिचा उपयोग नक्की आहे, फक्त कालखंड आणि शैलींची नावं पाठ करण्यात तो नाही. एकच चित्र घ्या आणि दहा मिनिटं त्यापुढे बसा. इटालियन चित्रकार कारावाज्जोचं 'संत मॅथ्यूला पाचारण' (१५९९-१६००, रोममधलं सान लुइजी देई फ्रांचेझी चर्च) सुरुवातीला उत्तम. टेबलाभोवती पैसे मोजणारी मंडळी, उजवीकडून ख्रिस्त आलाय आणि बोट दाखवतोय. प्रकाश कुठून येतो ते शोधा. भिंतीत खिडकी आहे, पण तिचा उजेडाशी काही संबंध नाही. ती मलूल, बंद आहे. प्रकाश उजवीकडून, वरून, चित्राबाहेरून येतो आणि ख्रिस्ताच्या डोक्यावरून तिरका जात त्या मंडळींच्या चेहऱ्यांवर पडतो. ख्रिस्त स्वतः शिष्य पीटरच्या आड जवळपास झाकलेला. चेहरा आणि हात तेवढे दिसतात. वरचा जवळजवळ निम्मा भाग रिकामी भिंत. इतकी जागा मोकळी सोडली नसती तर तिरप्या उजेडाला धावायला वाव राहिला नसता.

हे पाहिल्यावर 'कागज के फूल' (१९५९) मधलं 'वक्त ने किया' लावा. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठे आरसे वापरून बाहेरचं ऊन स्टुडिओत आणलं आणि तो प्रसिद्ध झोत तयार झाला. भारतातला हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट, त्यामुळे नायक-नायिकेला फ्रेमच्या दोन टोकांना ठेवून मधला अंधार वाढवत नेता येतो. कारावाज्जोने एक क्षण गोठवला. इथे झोत जागेवर आहे आणि माणसं त्याच्या आत-बाहेर करतात. त्यांच्या पारदर्शक छाया शरीरातून निघून एकमेकांकडे चालत जातात, शरीरं मात्र होती तिथेच उभी. चित्रकलेतून उजेडाची दिशा वाचायला शिकलात, आता त्या उजेडात कोण कधी येतं ते वाचा.

अशी आणखी तीन-चार चित्रं पुरतात, प्रत्येकाकडून एकेक गोष्ट घ्यायची. कडा कुठे कापायची यासाठी जपानी चित्रकार हिरोशिगेची एदो शहराची शंभर दृश्यं (१८५६-५८) पाहा. नाकासमोर झाडाचं प्रचंड खोड, दोन्ही बाजूंनी कापलेलं, आणि त्यातून दिसणारी दूरची माणसं. पुढे कॅमेऱ्याने खांब, दारं, खांदे फ्रेमच्या अलीकडच्या बाजूला ठेवून जे केलं, त्याची पूर्वतयारी इथे दिसते. फ्रेंच चित्रकार दगाचं 'प्लास द ला कोंकॉर्द' (१८७५) मध्ये बाप आणि मुली वेगवेगळ्या दिशांना निघालेत, एक माणूस कडेला अर्धाच आहे आणि मधला चौक ओसाड. अंगभूत गतीच त्यात आहे. रिकामपण किती मेहनतीने येतं यासाठी डच चित्रकार व्हर्मेरची 'दूध ओतणारी बाई'. तिच्या मागच्या भिंतीवर आधी वस्तू रंगवायला घेतल्या होत्या आणि नंतर पुसल्या, हे तपासणीत उघड झालंय. उरली कोरी भिंत, एक खिळा, भोकं, आणि दुधाची बारीक धार.

एक सावधगिरी. छापील किंवा मोबाइलवरच्या चित्रात आकार कळत नाही. जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट जेमतेम २५ बाय ३७ सेंटीमीटर आहे आणि ब्रॉयगेलचे 'बर्फातले शिकारी' ११७ बाय १६२. दोन्ही हातातल्या पडद्यावर सारखीच दिसतात. मापं आधी वाचा आणि भिंतीवर हाताने तेवढी जागा आखून बघा. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकाराच्या प्रतिमा मिळतात, त्या घ्या.

याच टप्प्यावर एक छंद जडतो, तो टाळा: चित्रपटातली फ्रेम आणि जुनं चित्र शेजारी लावून 'बघा, सारखं!' म्हणण्याचा. इटालियन दिग्दर्शक पासोलिनीच्या 'मम्मा रोमा'च्या (१९६२) शेवटी बांधून ठेवलेला मरणोन्मुख मुलगा दिसतो. समीक्षकांनी लगेच चित्रकार मान्तेन्याच्या 'मृत ख्रिस्त' या चित्राशी नातं जोडलं. पासोलिनी बोलोन्यात रोबेर्तो लोंगी या कलाइतिहासकाराच्या हाताखाली शिकलेला. त्याने वैतागून जाहीर लिहिलं की मान्तेन्याचा इथे काडीचा संबंध नाही. शरीर कुठल्या कोनातून दिसतं एवढ्यावर नातं ठरत नाही. सारखेपणा दिसलाच तर पुढचा प्रश्न विचारा: दिग्दर्शकाने चित्रातून नेमकं काय उचललं? प्रकाश, अंतर, बसण्याची ढब, की नुसता विषय?

रशियन दिग्दर्शक तारकोव्स्कीने 'सोलारिस'मध्ये (१९७२) ब्रॉयगेलच्या त्याच शिकाऱ्यांचं काय केलं ते पाहा. चित्र भिंतीवर आहे आणि कॅमेरा त्याच्यावरून तुकड्यातुकड्याने सरकतो: कुत्रे, झाडं, पक्षी, दूरची माणसं. संपूर्ण चित्र एका नजरेत मिळवायचं स्वातंत्र्य आपल्याकडून काढून घेतलं जातं आणि त्याजागी क्रम दिला जातो. चित्रकला आणि चित्रपट यांतला फरक मला समजावून सांगायचा झाला तर मी हा तुकडा दाखवतो. आधी मूळ चित्र स्वतः दहा मिनिटं बघा, नजर कुठून कुठे गेली ते लिहा, मग त्याचा क्रम ताडून पाहा.

तंत्राची थोडी माहितीही लागते, पण कारण कळण्यापुरती. 'बॅरी लिंडन' (१९७५) मधली मेणबत्त्यांची दृश्यं अठराव्या शतकातल्या चित्रांसारखी वाटतात असं सगळे म्हणतात. का वाटतात? दिग्दर्शक कुब्रिक आणि छायालेखक जॉन अल्कॉट यांनी झाइसची ५० मिलिमीटर, एफ ०.७ लेन्स वापरली, म्हणजे खूप उघडी, मेणबत्तीच्या उजेडातही चालणारी. ती मुळात नासासाठी बनलेली होती. इतक्या उघड्या लेन्सला स्पष्ट दिसणारी खोली अगदी थोडी मिळते. नट वीतभर पुढे-मागे झाला की धूसर. म्हणून माणसं एका प्रतलात, जवळजवळ न हलता बसलीत. जी चित्रासारखी स्तब्धता आपण शैली म्हणून वाखाणतो, तिच्या मुळाशी लेन्सची अट आहे. दिग्दर्शक थोर तो यासाठी की त्याने ती अट कथेच्या कामाला लावली: त्या समाजात कुणाला जागचं हलता येत नाही.

तसंच डॅनिश दिग्दर्शक ड्रायरच्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'चं (१९२८). त्याआधीच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. ओठ काळे, त्वचा डागाळलेली येई, म्हणून नटांना जाड रंग फासत. सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म मिळाल्यावर ड्रायरने मेकअप काढूनच टाकला. चामखीळ, सुरकुती, घाम, सगळं दिसतं. भिंतींना गुलाबी रंग दिला होता, तो फिल्मवर हलका राखाडी उतरतो. हे ठाऊक असलं की नुसत्या चेहऱ्यांचा चित्रपट कंटाळवाणा राहत नाही; त्वचाच तिथला निसर्ग होते.

प्रतीकं शोधण्याच्या भरीला मात्र लवकर पडू नका. लाल म्हणजे रक्त, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, असल्या चाव्यांनी कुलपं उघडत नाहीत. जपानी दिग्दर्शक ओझूच्या रंगीत चित्रपटांत लाल किटली दिसते. ती कशाची खूण हे विचारण्यापेक्षा ती फ्रेममध्ये कुठे आहे आणि पुढच्या शॉटमध्ये कुठे, ते पाहा. ओझू कट घेताना वस्तू बिनदिक्कत थोड्या सरकवतो, कारण सलगतेपेक्षा त्याला दोन्ही फ्रेम्सचा तोल महत्त्वाचा. तृतीयांशाचा नियम (माणूस मध्यभागी न ठेवता फ्रेमच्या एक-तृतीयांश रेषेवर ठेवायचा) लावून फ्रेम्सना गुण देण्याचंही तसंच. ओझू माणसाला बिनधास्त मध्यभागी बसवतो. नियम चुकत नाही, तो फक्त फार थोडं सांगतो.

संथ शॉटचं काय करायचं, हे उरलं. तारकोव्स्कीच्या 'नोस्टाल्जिया'त (१९८३) रिकाम्या हौदातून पेटती मेणबत्ती नेण्याचा सुमारे ९ मिनिटांचा शॉट आहे. असला चित्रपट सुरुवातीला घेऊ नका. आवडला नाही तर स्वतःवर संशय घेण्याचंही कारण नाही. ज्यांना संथपणा मुळातच रुचत नाही त्यांच्यासाठी जपानी दिग्दर्शक कुरोसावा आहे. 'हाय अँड लो' (१९६३) पाहा: जवळजवळ पहिला तासभर एकाच दिवाणखान्यात, अपहरणाची गोष्ट, श्वास रोखायला लावणारी, आणि रुंद फ्रेममध्ये उद्योगपती, पोलीस आणि ड्रायव्हर सतत जागा बदलत असतात. ज्याचा मुलगा पळवलाय तो ड्रायव्हर कुठे, कुणाच्या आड, किती वाकून उभा आहे, एवढंच पाहत राहिलात तरी अख्खा वर्गसंघर्ष डोळ्यांपुढून सरकतो. तुमचा कंटाळा विषयाचा आहे की पाहण्याचा, हे या एका चित्रपटाने कळेल.

आतापर्यंतचं आवरून सांगायचं तर: पडदा-प्रत नीट करा, एक पूर्ण पाहणी आणि एक प्रसंग कागदावर, जोडीला पंधरवड्याला एक चित्र. कलेच्या इतिहासाचं पुस्तक असे आठ-दहा प्रसंग काढून झाल्यावर उघडा. तेव्हा तुमच्याकडे प्रश्न असतील ('उजेड बहुतेक एकाच बाजूने का?', 'अर्धी कापलेली माणसं कधीपासून?') आणि पुस्तक प्रश्न घेऊन वाचलं की लक्षात राहतं. फक्त पाहण्याचा आनंद हवा असेल तर हे रेखाटनाचं काम पाच-सहा प्रसंगांनंतर सोडून दिलंत तरी चालेल. पुढे लिहायचं किंवा कॅमेरा हातात घ्यायचा असेल तर सोडू नका.

सुरुवात 'चारुलता'च्या (१९६४) पहिल्या सात-आठ मिनिटांपासून करा. छायालेखन सुब्रत मित्रांचं, बोलणं अगदी थोडं, त्यामुळे सबटायटल्सचा जाच नाही. भरतकाम करणारे हात, मग दुपारच्या घरात एकटी चारू, आणि खिडकीच्या झडपांमधून दांडीच्या दुर्बिणीने रस्ता न्याहाळत या खिडकीतून त्या खिडकीत तिचं धावणं. माकडवाला, पालखी, छत्रीवाला जाडा माणूस. पुढे नवरा पुस्तकात डोकं खुपसून तिच्या अगदी जवळून जातो आणि त्याला ती दिसतही नाही. ती तीच दुर्बीण त्याच्यावर रोखते. ती दुर्बीण खाली घेते त्याच वेळी कॅमेरा झटक्यात मागे झूम होतो. या झूमआधीचा एक चौकोन काढा आणि नंतरचा एक, ५.८ सेंटीमीटर उंचीचे, आणि दोन्हींत चारूभोवती किती घर शिल्लक आहे ते छटा भरून बघा.